लवेच्या पानाची सरकी

माय, करमाडच्या शेतात तू कपाशीचं पान उलटं करून गालावरून फिरवायचीस. ज्याच्यावर दाट लव, त्या झाडाला चिंधी बांधायचीस आणि त्याचीच सरकी पुढच्या साली पेरायला ठेवायचीस. "लवंच्या पानावर तुडतुडे बसत नाय, रस पीत नाय," एवढंच सांगायचीस. पुढं सगळ्या गावासारखं थोरल्या भावानंही कंपनीचं पाकिटातलं बी आणलं, तेव्हा उरलेली सरकी फडक्यात बांधून तू एस्टीनं औरंगाबादला माझ्या प्रयोगशाळेत आलीस.

मी तेव्हा पानांवरच्या केसांवरच प्रबंध लिहीत होते. तू स्टुलावर बसतेस, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बघतेस. मी सांगत जाते, कोवळ्या पानाच्या सपाट कातडीतली एखादीच पेशी वर उठते, लांबते, तिला फाटे फुटतात, तोच केस. आणि उठताना ती शेजारणींना केस होऊ देत नाही, म्हणून दोन केसांत अंतर राहतं. तू बराच वेळ बघतेस. "मंग माझ्या झाडाला येवढी दाट कशानं येते?" "पेरून बघते," मी म्हणाले. तू गाठोडं हातात दिलंस. "समदी हाय. घरी एक दाणा ठेवला नाय."

मी पेरली नाही. माझं काम मोहरीच्या कुळातल्या एका परदेशी रोपट्यावर चाललं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांना कपाशीत रस नव्हता, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. गाठोडं कपाटात राहिलं. तू दरसाल विचारायचीस, "उगवली का गं?" मी म्हणायचे, "व्हय, लई लव आलीय."

मग तू दवाखान्यात पडलीस आणि त्या उगवलेल्या झाडाचं एक पान मागितलंस. जालना रस्त्यावरच्या कुणाच्या तरी शेतातलं मी तोडून आणलं. तू ते अंगठ्यानं चोळलंस. "ह्याला कुठंय लव?" मी तुझी उशी सारखी केली. तूच म्हणालीस, "असू दे. इथलं पाणी येगळं असंल." चार दिवसांनी तू गेलीस.

तेरावं झाल्यावर मी सगळी सरकी कुंड्यांत लावली. एकही उगवली नाही. उकरून पाहिलं तर दाण्यांचा बोटांत लगदा होत होता. नंतर देवगाव रंगारीपर्यंत बांधाबांधानं पानं चाचपत हिंडले. तशी लव कुठंच नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आता झाडच उरलेलं नाही.

हे कुणाला सांगितलेलं नाही, हा कागदही फाडून टाकीन. कुंड्या रिकाम्या करताना मला रडू आलं नाही, माय. आता कुणी विचारणार नाही, म्हणून हलकं वाटलं.