पोचल्याबिगर झाडू नको

आई,

तू न पाहिलेली तुझी नात आज सकाळी आठला घराबाहेर पडली, आणि मी अजून झाडू हातात घेतलेला नाही. पाडवा परवावर आलाय. पडदे बादलीत भिजलेत, फळ्यांवरचे डबे ओट्यावर उतरलेत, पंख्याची पाती पुसून झालीत, सोफा भिंतीपासून ओढून हॉलच्या मधोमध आणलाय, आणि त्याच्याखालचा वर्षभराचा केर जसाच्या तसा उघड्यावर पडलाय. त्या केरातच खुर्ची टाकून मी बसले आहे. पोरगी बंगळुरूला नोकरीला चालली आहे. पाडवा करून जा म्हटलं तर म्हणाली, कंपनी पाडवा बघून बोलावते का? तिचे बाबा तिला विमानतळावर सोडून तसेच कामावर जाणार. ती तिथल्या खोलीवर पोचली की फोन करणार आहे. तोवर केर काढायचा नाही, असं मी ठरवलंय. का ठरवलंय, ते तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून वही काढली. भिंतीकडे तोंड करून बसले आहे, मुद्दाम. आत्तातरी ती कोरी आहे.

कासारवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत पाडव्याची साफसफाई म्हणजे लढाईच असायची. तू पहाटे पदर खोचायचीस आणि उजाडेपर्यंत आपला सगळा संसार गल्लीत. ट्रंका, पिंप, गोधड्या, बाबांची सायकलसुद्धा. रेल्वेच्या रुळांकडून येणारी तांबूस धूळ डब्यांच्या झाकणांवर बसलेली असायची, ती तू राखेनं घासून काढायचीस आणि मी जुन्या वह्यांचे कागद कापून फळ्यांवर अंथरायची. शेवटी भिंती. त्यातली एकच भिंत दरवर्षी आपल्याशी भांडायची. तुझ्या बसायच्या जागेची. भोसरीच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून पोत्यानं रबरी रिंगा यायच्या, त्यांच्या कडेला चिकटलेलं जास्तीचं रबर बारक्या कात्रीनं कातरून काढायचं काम तू घरी करायचीस. पाय लांब करून, मांडीत रिंगा घेऊन, डोकं भिंतीला टेकवून. कच् कच्, कच् कच्. त्या आवाजातच मी दहावीचा अभ्यास केला. तुझ्या केसांना माक्याचं घरी कढवलेलं तेल असायचं, आणि डोकं टेकायचीस तिथं भिंतीवर ताटलीएवढा तेलकट डाग पडलेला असायचा. दर पाडव्याला त्यावर रंग, आणि आषाढ लागायच्या आत डाग परत वर. मी कटकट केली की तू म्हणायचीस, भिंतीलाबी तेल लागतंय माय, तिचेबी केस गळतेत. आणि स्वतःच हसत बसायचीस.

तुझा हात माझ्यावर एकदाच उठला, तोही झाडूवरून. मामा लातूरला परत निघाला होता. तो दाराबाहेर पडला आणि मी, शहाणी पोर, लगेच केर काढायला घेतला. तू झाडू हिसकावून घेतलास आणि पाठीत एक ठेवून दिलीस. म्हणालीस, माणूस पोचल्याबिगर मागं झाडू नये, मेलेल्याच्या मागं झाडतेत. त्याची गाडी लातूरला लागायची वेळ संध्याकाळची होती. तोवर तू केर काढू दिला नाहीस. आपण सगळे त्या केरातच जेवलो. मला राग आला होता आणि हसूही.

आता ते सांगते, जे लिहायला बसले आहे. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आपण दोघीच. मी नुकती कंपनीत लागले होते आणि साफसफाईसाठी कशीबशी एक दिवसाची सुट्टी मिळवली होती. तुझ्या छातीत दोन दिवस जड वाटत होतं. गॅस झालाय, म्हणत होतीस. त्या सकाळी घाम यायला लागला तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, मी नेते, तू तुझं आवर, दुपारच्याला येतोच. मावशी मूळच्या तिथल्याच. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर आपली चाळ उभी होती आणि सगळ्या चाळीवर त्यांचा हक्क होता. तू स्वतःच्या पायांनी रिक्षापर्यंत गेलीस, म्हणून मलाही काही वाटलं नाही. उंबऱ्यावर तेवढी वळलीस आणि म्हणालीस, "मी पोचल्याबिगर झाडू नको." मी हो म्हणाले.

आणि मी झाडलं. खोल्या झाडल्या, फरशी धुतली, पाण्याची धार गटारापर्यंत सोडली. तुझी रबराची काळी कातरणं कोपऱ्याकोपऱ्यांतून निघत होती, ती सुपलीत भरून टाकून दिली. मग भिंतीवरच्या त्या डागाला रंगाचे दोन हात दिले. पहिला हात वाळेपर्यंत दारात उभी राहून चहा प्यायले. दुपारी मावशी एकट्याच आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, ओल्या फरशीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. काय झालं ते अजून त्यांनी सांगितलं नव्हतं. आधी म्हणाल्या, "एवढ्यात धुतलंस व्हय गं घर?" मग तिथंच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यापर्यंत पोचलीच न्हाई गं ती." वाटेत, सिग्नलला रिक्षा थांबली असताना तू त्यांच्या खांद्यावर मान टाकलीस. दुसऱ्या दिवशी तुला घरातून नेल्यावर बायका रिवाजाप्रमाणे झाडू शोधायला लागल्या, तेव्हा मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, राहू द्या, झालंय ते. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर माझ्या हातचा चहाही त्यांनी घेतला नाही.

डाग पावसाळ्याच्या आत परत आला. तेल भिंतीत मुरलेलं असतं, येणारच, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या पाडव्याला रंगवला, पुन्हा आला. माझं लग्न झालं, हे आपल्याच खोल्यांत राहायला आले, पोरगी झाली, डाग होताच. लहानपणी ती त्याला पुरी म्हणायची. सात वर्षांपूर्वी आम्ही त्या खोल्या विकल्या आणि पिंपळे गुरवला हा फ्लॅट घेतला. नवी इमारत, आमच्याआधी इथं कुणी राहिलेलं नाही. खरं सांगू? सामान टेम्पोत चढलं तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

इथल्या पहिल्याच पाडव्याला सोफा ओढला. पोरगी तेव्हा पंधरा वर्षांची. फडकं हातात घेऊन ती थांबली आणि म्हणाली, "आई, इथं कोण बसतं?" भिंतीवर डाग होता. ताटलीएवढा, आणि जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, जिथं पाय पसरून बसलेल्या बाईचं डोकं येतं. वर्षभर तिथं भिंतीला चिकटून सोफा होता, मांजरसुद्धा मागं गेलं नसतं. हे म्हणाले, वरच्यांच्या बाथरूमचं लीकेज. मी नाक जवळ नेलं. लीकेजला माक्याचा वास येत नाही. खाली केरात रबराचं एक काळं कातरण होतं, नखाएवढं, वळलेलं. मी चाकणला असल्याच रबरी पार्टच्या तपासणीवर आहे, माझ्या कपड्यांतून, चपलेतून येतच असेल, असं मी पोरीला सांगितलं. तिला पटलं. दिवसभर पार्टांवरचे डाग शोधून ते नापास करायचे, हे माझं काम. हा एक मी दरवर्षी मुकाट्यानं रंगवून पास करत आले. एरवी अकरा महिने सोफ्यामागं बघायची माझी हिंमत होत नाही. दिवाळीत सगळं घर झाडते, तो सोफा हलवत नाही. कंबर दुखते म्हणते.

गेल्या वर्षी रंगारी नांदेडकडचा होता. त्यानं डाग खरवडला, वरून ऑइल प्रायमरचे दोन हात मारले, पुट्टी भरली, रंग दिला आणि म्हणाला, ताई, आता बसणारं माणूस स्वतः आलं तरी डाग उठायचा नाही. मी हसले नाही, तसा तो ब्रश धुवायला गेला. काल पोरीनं जायच्या आधी, "तुला एकटीला हलायचा नाही" असं मला म्हणत, सोफा सरकवून दिला. मी स्वयंपाकघरातच उभी होते. "आई, गेला गं डाग," ती तिथूनच म्हणाली. मी येऊन बघितलं. भिंत खरंच कोरी. आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगता येत नाही, पण बाजारातून घरी यावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसं काहीसं झालं.

सकाळी तिच्या हातावर दही ठेवलं. उंबऱ्यावर ती वळली, अगदी तशीच, बॅग खांद्यावर सारत. मला वाटलं आता ती तेच म्हणणार. ती म्हणाली, औषधं वेळेवर घे. लिफ्टचं दार लागलं आणि माझा हात आपोआप दारामागच्या झाडूकडे गेला, आई. आपोआप. मी तो हात दुसऱ्या हातानं धरला आणि खुर्चीवर येऊन बसले. तेव्हापासून बसलेच आहे. सगळी इमारत पाडव्याचं आवरते आहे, वर कुणी कपाट ओढतंय, खाली गाद्या झोडपताहेत. मधे मधे बारीक कच् कच् ऐकू येतं. खिडकीच्या पत्र्यावर कबुतरं चालतात, त्यांचाच असेल.

साडेबारा झालेत. मघाशी भिंत कोरी आहे असं लिहिलं. आता नाही. कधी उठला ते मला सांगता येणार नाही. मी समोरच होते, मान खाली घालून तुझ्याबद्दल लिहीत होते. दूध डोळ्यांदेखत नासतं आणि नेमकं कधी नासलं ते कळत नाही, तसंच. आधी वाटलं सावली आहे. ऊन सरकलं, सावली सरकली नाही. आता त्याची कड स्पष्ट आहे, आणि वास इथपर्यंत येतोय. भीती वाटते आहे. पण खोटं कशाला बोलू, कालच्या कोऱ्या भिंतीची जास्त भीती वाटली होती.

फोन आला आत्ता. पावणेदोन. "पोचले गं, खोली बरी आहे, खिडकी आहे," म्हणाली. मग म्हणाली, "तू अजून तशीच बसलीयस ना केरात? काढ आता." तिला कसं कळलं देव जाणे. मी फोन ठेवून रडले. पोरगी पोचली, धडधाकट पोचली, या एवढ्याशा गोष्टीसाठी मी पोटभर रडले. मग उठून झाडू घेतला. आतल्या खोल्या झाडल्या, हॉल झाडत भिंतीकडे आले आणि थांबले.

सगळ्यांना मी सांगत आले की त्या दिवशी मला आठवलंच नाही. ह्यांना तेच सांगितलं, मावशींनाही तेच. आठवत होतं, आई. तू उंबऱ्यावर बोललेला शब्द कानात असतानाच मी झाडू उचलला. रिक्षा अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचली नव्हती, तिचा आवाज येत होता. ती कात्री, तुझा तो खोकला, कोपऱ्याकोपऱ्यातलं काळं रबर, या सगळ्याचा मला वीट आला होता. मला एक दिवस, एकच दिवस, ते घर तुझ्याशिवाय हवं होतं. झाडताना मी गाणं गुणगुणत होते.

हा कागद डब्यांच्या फळीवर नव्या कागदाखाली घालणार आहे, पाठवायला पत्ता कुठला. सोफाही आता मागं सारणार नाही, ह्यांना काय सांगायचं ते बघू संध्याकाळी. घर झाडून झालंय. फक्त तुझ्या भिंतीलगतचा हातभर केर तसाच ठेवला आहे. तू अजून पोचायची आहेस.