अनोळखी टेप कोरी समजू नये

दि. १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार
वेळ : सकाळी १०.१५

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
निराधार बालक अभिलेख केंद्र,
शनिवार पेठ, पुणे.

विषय : बॅकअप सॉफ्टवेअरमधील एक खूण आज सायंकाळी साडेसहापूर्वी काढण्यास लेखी मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. ८, १० व १४ ऑक्टोबरचे अर्ज. २) आपले दि. १६ ऑक्टोबरचे उत्तर.

महोदय,

मी, रामदास धोंडिबा लोंढे, रा. विश्रांतवाडी, आपल्या कार्यालयात अकरा वर्षे कंत्राटी संगणक परिचालक आहे. या विषयावरचा हा माझा चौथा अर्ज. पहिला अर्ज ‘टेप’ला राजभाषेतील प्रतिशब्द न वापरल्यामुळे परत आला. दुसरा, प्रतिशब्द वापरल्यामुळे विषयाचा बोध होत नाही म्हणून परत आला. तिसऱ्याला उत्तर मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. बॅकअपचे सर्व अहवाल ‘यशस्वी’ असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही, असे आपण त्यात कळवले आहे. अहवाल यशस्वी आहेत हे खरेच आहे. माझी तक्रार तीच आहे.

एका बंद पडलेल्या बालगृहात १९७९ ते १९९४ या सोळा वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी आपल्या केंद्राकडे आहेत. मूल कोठे सापडले, अंगावर काय होते, कोणी आणून दिले, पुढे कोणाच्या घरी गेले, हे सर्व त्यात आहे. एका वर्षाची एक टेप, अशा सोळा टेप. मूळ कागदांना वाळवी लागल्यामुळे ते २०१३ मध्ये रीतसर नष्ट करण्यात आले आणि ‘टेपवर प्रत उपलब्ध आहे’ असा दाखला त्या आदेशाला जोडण्यात आला. दुसरी प्रत कोठेही नाही. मी शोधली आहे.

कार्यालयाच्या संगणकातील माहितीची प्रत, म्हणजे बॅकअप, रोज सायंकाळी टेपवर लिहिणारे आपले टेपयंत्र चोवीस खणांचे आहे. दि. १८ सप्टेंबर रोजी यंत्र तेच ठेवून त्याला नवे सॉफ्टवेअर जोडण्यात आले. त्याच्या सेटिंगचा एक्केचाळीस ओळींचा तक्ता कंत्राटदाराने सादर केला व आपण त्यावर सही केलीत. त्यातील सत्ताविसावी ओळ अशी : ‘अनोळखी टेप आढळल्यास कोरी समजून वापरावी.’ तिच्यासमोर बरोबरची खूण आहे. आपल्या सोळा टेप जुन्या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या आहेत व नव्याला त्या वाचता येत नाहीत. जे वाचता येत नाही ते त्याच्या लेखी कोरे. तरीही तोवर धोका नव्हता, कारण त्या टेप कपाटात होत्या.

त्या यंत्रात कोणी ठेवल्या, हे आपण विचारण्याआधीच सांगतो. मी ठेवल्या. खंडेनवमीला यंत्राची पूजा आपल्या हस्ते होणार होती. आठ खणांत रोजच्या टेप, बाकी सोळा रिकामे. कार्यालय अधीक्षक श्री. कोंडीराम बोत्रे मला म्हणाले, “अहो लोंढे, साहेब येणारेत आणि काचेतून हे बोडके खण दिसतायत. भरा काहीतरी. आपण काय दुकान गुंडाळतोय का?” मी कपाटातल्या सोळा टेप वर्षवार लावल्या, चिठ्ठ्या काचेकडे करून. आपण फूल वाहिलेत आणि म्हणालात, “वा, आता कसं भरलेलं दिसतंय.” मला त्या वेळी फार बरे वाटले होते. नंतर कंत्राटदाराच्या माणसाने दार कुलूपबंद केले. त्या कुलपाचा सांकेतिक क्रमांक फक्त त्यांच्याकडे असतो.

प्रथेप्रमाणे दसरा होईपर्यंत यंत्र बंद होते. दि. ३ रोजी ते सुरू झाले. रोजच्या आठही टेप तोवर भरल्या होत्या आणि नव्वद दिवस त्या पुसायच्या नाहीत अशी वेगळी खूण आहे. नव्या कोऱ्या टेपांचे मागणीपत्र अद्याप आपल्या टेबलावर आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरने नवव्या खणातली १९७९ ची टेप उचलली, ती कोरी समजली, आणि तिच्यावर आपल्या कार्यालयाची हजेरी व पत्रव्यवहार लिहून काढला. अहवाल आला : यशस्वी. दि. ८ रोजी सकाळी माझ्या लक्षात आले तोवर तीन वर्षे पुसली गेली होती. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, सायंकाळी बरोबर साडेसहाला, एक वर्ष जाते. यंत्राचा आवाज बाहेर माझ्या टेबलापर्यंत येतो. आधी टेप ओढल्याचा, मग बराच वेळ नुसती घरघर. कार्यालय सुटलेले असते, मी बसून राहतो.

कंत्राटदाराचे अभियंता श्री. पियुष यांना मी रोज फोन करतो. मुलगा चांगला आहे. तो म्हणतो, “काका, टिक काढायला मला दहा सेकंद लागतात. पण साहेबांनी साइन केलेलं सेटिंग आहे, मेल आल्याशिवाय मी हात लावला तर माझा जॉब जाईल.” यंत्र बंद करावे म्हटले, तर श्री. बोत्रे यांच्या मते त्याच सर्व्हरवर अंगठ्याची हजेरी असल्याने ते शक्य नाही. तिसऱ्या अर्जानंतर सर्व्हर खोलीत माझा ‘अनावश्यक वावर’ नको म्हणून माझे प्रवेशपत्रही काढून घेण्यात आले. आता मी बाहेरच्या संगणकावरून पाहू शकतो. थांबवू शकत नाही. परिचालक म्हणून मला एकच अधिकार आहे : त्या संगणकावरून यंत्राला सांगून एका खणातली टेप दुसऱ्या खणात हलवणे.

महोदय, या अधिकाराचा मी गैरवापर केला आहे, तो येथे नोंदवतो.

बालगृहात १९८७ साली दाखल झालेल्या मुलांपैकी मी एक आहे. माझ्या नावापुढचे धोंडिबा हे तेथील पहारेकरी. शाळेत नाव घालताना वडिलांच्या रकान्यात काहीतरी लागते, म्हणून त्यांनी आपले दिले. याहून जास्त मला माझ्याबद्दल माहीत नाही. अकरा वर्षे ती टेप माझ्या हाताच्या अंतरावर होती. जुने सॉफ्टवेअर असताना कोणत्याही दुपारी ती लावून पाहता आली असती. पाहिली नाही, कारण स्वतःची नोंद पाहण्यास परवानगी लागते. तसा अर्ज मी २०२२ मध्ये केला आहे. तो विचाराधीन आहे. माझ्या या शहाणपणाचा मला आता मनस्वी संताप येतो.

दि. १५ रोजी १९८७ ची पाळी होती. आदल्या दिवशी मी ती टेप सतराव्या खणातून शेवटच्या, चोविसाव्या खणात हलवली आणि तेथील १९९४ ची टेप तिच्या जागी आणली. कोणते वर्ष जाईल हे मला ठरवता येत होते, जाऊ नये हे ठरवता येत नव्हते. दि. १५ च्या सायंकाळी १९९४ गेले. अहवाल यशस्वी.

काल, दि. १६ रोजी दुपारी, कात्रजहून श्रीमती ललिता भोईटे आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पत्र. पत्र आपलेच, दि. १३ चे : १९९४ च्या फेब्रुवारीत बालगृहात ठेवलेल्या मुलाची नोंद पाहण्यास परवानगी. दोन वर्षे खेटे घालून त्यांना ती मिळाली होती. त्या मला म्हणाल्या, “नाव-पत्ता नका देऊ हवं तर. तो जगला का, तेवढं बघून सांगा.” मी त्यांना यंत्र दुरुस्तीला गेले आहे, दिवाळीनंतर या, असे सांगितले. त्या लगेच उठल्या. “दोन वर्षं थांबले, आता आठ दिवसांनी काय होतंय,” म्हणाल्या, आणि पत्र पुन्हा पिशवीत घातले. त्या सायंकाळी १९८८ गेले, पण मला त्याचा आवाज ऐकू आला नाही.

आज सहा टेप शिल्लक आहेत. आज सायंकाळी त्यातली एक जाईल. सोमवारपासून आपण दिवाळीच्या रजेवर आहात व कार्यालय दि. २७ रोजी उघडेल. दसऱ्याप्रमाणे दिवाळीत यंत्र बंद ठेवण्याची आपल्याकडे प्रथा नाही. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, पाच टेप. म्हणजे आपण परत याल तेव्हा सोळाच्या सोळा खण भरलेले दिसतील, सर्व अहवाल यशस्वी असतील, आणि त्या सोळा वर्षांत सोडून दिलेले एकही मूल कोठेही नोंदलेले नसेल.

सबब विनंती की, सोबतच्या मजकुरावर आपली सही व्हावी. मजकूर एका ओळीचा आहे. श्री. पियुष सायंकाळी सहापर्यंत फोनजवळ आहेत.

आज सकाळी ९.४० वाजता मी माझा अधिकार पुन्हा वापरला आहे. चोविसाव्या खणातली १९८७ ची टेप काढून आजच्या, म्हणजे एकोणिसाव्या खणात आणली आहे आणि तेथील १९८९ ची टेप चोविसाव्या खणात ठेवली आहे. मला माझी नोंद नको झाली आहे असा याचा अर्थ घेऊ नये. ती मला हवी आहे, फार हवी आहे. पण दुसऱ्या कोणाचे वर्ष मी यापुढे पुढे करणार नाही.

आजवर परवानगीची वाट पाहिलेला,
रामदास धोंडिबा लोंढे
संगणक परिचालक (कंत्राटी)

सोबत :
१) सेटिंगच्या तक्त्याची प्रत, ओळ २७ अधोरेखित.
२) मंजुरीचा मजकूर, सहीसाठी. पेन टाचणीने जोडले आहे.
३) दि. ३ ते १६ ऑक्टोबरचे दहा अहवाल, सर्व यशस्वी.
४) श्रीमती ललिता भोईटे यांच्या परवानगीपत्राची प्रत.
५) स्वतःची नोंद पाहण्याबाबतचा माझा २०२२ चा अर्ज. आज सायंकाळी साडेसहानंतर तो निकाली काढण्यास माझी हरकत नाही.