भिंतीपलीकडचं वर्कशॉप

सावेडी, नगर
१९ नोव्हेंबर १९९६

चि. तुषार,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. आईचे आधी, माझे मागून, नेहमीप्रमाणे. इकडे थंडी पडू लागली आहे. सकाळी गल्लीत इतकं धुकं असतं की दूधवाल्याची घंटा आधी येते आणि दूधवाला नंतर. बडोद्याला एवढी थंडी नसेल. तरी स्वेटर घालत जा.

तुझं पत्र पोचलं. महिनाअखेरीस राजीनामा द्यायचा, तिथं बघून ठेवलेला जुना लेथ टेम्पोत घालायचा आणि आईजवळ राहून आपल्या गॅरेजात काम सुरू करायचं. तुझ्या आईनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आता तिला पाठ झालंय.

तर आधी गॅरेजची हकीकत ऐक. त्या गॅरेजात मोटार कधी आली नाही. माझे रद्दीचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्याच तिथं सुखानं राहिल्या. ते सगळं काढलं. उखडलेल्या फरश्या काढून कोबा करून घेतला. भिंती पांढऱ्या केल्या. ट्यूब अशी लावली आहे की तुझ्याच हाताची सावली तुझ्या कामावर पडू नये. उभं राहून पाय भरून येतात म्हणून टेबलापुढे जुन्या टायरचा रबरी पट्टा अंथरला. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून दारावर जाळी बसवली. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याचा, हातोडीचा, कानशीचा आकार मी स्वतः काळ्या रंगानं काढला. हत्यार जागेवर नसलं तरी त्याची आठवण तिथं दिसते. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, पण इतकं सुबक काही लिहिलं नसेन.

टेबलाची तेवढी फजिती झाली. मी सुताराला माझ्या शाळेतल्या टेबलाचं माप दिलं. तुझा आयटीआयचा सोबती गहिनीनाथ नागापूरच्या एमआयडीसीतून ड्यूटी सुटल्यावर आला आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटला.

"गुरुजी, लई बेस झालंय. पन हे वह्या तपासायचं टेबल हाय. फिटर काय बसून मार्क देतो व्हय?"

मग पायांखाली ठोकळे घालून ते उंच केलं.

आणखी एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. गॅरेज आणि तुझ्या आईची खोली यांच्यामधल्या भिंतीत मी खिडकी पाडून घेतली. पावसाळ्यातल्या त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर ती खाटेवरच आहे, हे तू बघून गेलासच. वाटलं, तू काम करताना तिला दिसशील. आणि मी ओट्यावर बसून तुझ्या हातोडीच्या ठोक्यांत वृत्त शोधीन. भुजंगप्रयात मी डस्टर आपटून शिकवायचो, तेव्हा पोरं मला माघारी 'लगागा गुरुजी' म्हणायची. त्यांत तूही होतास, मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी गॅरेज तयार होतंय एवढंच लिहिलं. खिडकीचा उल्लेख टाळला आणि 'बाकी सर्व क्षेम' लिहून मोकळा झालो.

बाकी सर्व क्षेम नाही, तुषार.

दसऱ्यानंतर गहिनीनाथानं ग्राइंडर बसवला. त्यानं लोखंडाचा तुकडा लावला, ठिणग्यांचं झाड फुललं आणि मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात तुझ्या आईची हाक मला ऐकूच आली नाही. हाक तरी कसली, शब्द नव्हतेच त्यात. धावत गेलो तर चांगला हात डोक्यावर गच्च दाबलेला आणि तोंड पांढरंफटक. उलटी झाली. दिवसभर तिनं डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असल्या झटक्यानंतर काहींना करकरीत आवाज अजिबात सोसत नाहीत. कधी बरं होईल हे त्यांनाही सांगता येईना. शांतता ठेवा, म्हणाले.

खिडकी विटांनी बुजवली. खाट पलीकडच्या भिंतीला नेली. आपलं घर ते केवढं! नुसती हातोडी ठोकून पाहिली, तरी आवाज आत येतच राहिला.

पण आई ऐकेना. "मशीन परक्याच्या हातात हुतं म्हनून लागलं. तुषारच्या हातचा आवाज मला लागायचा न्हाई. परत चालवा, मी सांगते."

मी चालवायला लावलं. गहिनीनाथ नको म्हणत होता. मी तिच्याजवळ बसलो. ग्राइंडर झाला, कानस झाली, हातोडी झाली. ती माझ्याकडे बघून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बघा, झालं का काही?" ती म्हणाली. तेव्हा ओठातून रक्त आलेलं मला दिसलं. दातांनी धरून ठेवला होता.

"तुषारला कळवाल तर शपथ हाय माझी."

ती शपथ मी आज मोडतोय. पण इतके दिवस गप्प राहिलो ते शपथेपायी, असं म्हणणार नाही. मला तू यायला हवा होतास. वाटलं, होईल तिला सवय. आणि एकदा भाजी निवडताना मनात आलं, ती तरी आता किती दिवस... ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. पण ते माझ्या मनात उगवलं होतं. त्या दिवसापासून मला ती पांढरी खोली बघवत नाही.

राजीनामा देऊ नकोस. नागापूरला गाळा घेणं आपल्याला झेपणार नाही, हे तूच मला समजावलं होतंस. तिथल्या नोकरीचं गहिनीनाथाला विचारलं, तर त्याच्याच कंपनीत माणसं कमी करताहेत. तरीही तू येशील, यंत्राला हात लावणार नाहीस, पगार सोडून आईच्या उशाशी बसशील. मी तुला ओळखतो. तीही ओळखते, म्हणून तर शपथ घातली. तुझं काम आपल्यामुळे बुडालं, हे तिला ग्राइंडरपेक्षा जास्त लागेल. रजा मिळेल तेव्हा ये. पाहुणा म्हणून ये. चार दिवस का होईना, तिचे पाय चेप.

फोन केला नाही, कारण फोन तिच्या खाटेशेजारी आहे.

आता आतून विचारते आहे, "काय हो एवढं लिवताय?" मी म्हटलं, रंगाचं लिहितोय. "मग माझं पन घाला की दोन शब्द."

घालतो. तिचे आहेत तसे:

'तुषार, सगळं तयार हाय. आता उशीर करू नको. आई.'

तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. तू माझं ऐक.

तुला येऊ नको म्हणणारा,
आबा