श्रद्धाच्या फोनवरचा पहारा

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

तीर्थस्वरूप जयसिंगदादांच्या चरणी धाकट्या उत्तरेश्वरचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या लेपाने उतार पडला असेल, नाहीतर निदान त्या वासाने पाहुणे तरी कमी झाले असतील. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर या घरात मला सध्या वरणसुद्धा कुणी वाढत नाही.

तुमची पुतणी श्रद्धा दहावीत गेल्यापासून फोनवर कुणाशी तरी सारखी लिहून बोलते. जेवताना पोळी एका हाताने तोडते, दुसरा हात फोनवर. आपण खोलीत पाऊल टाकलं की फोन उशीवर पालथा. कोण आहे विचारलं की "कुणी नाही." या 'कुणी नाही'बरोबर हसणं चालतं, आणि एकदा हिराने लेकीला डोळे पुसतानाही पाहिलं. झालं! त्या दिवसापासून हिरा मला पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवू लागली. कुठे मैत्रीण म्हणून बोलणारी पोरगी चाळिशीचा बाप्या निघाली, कुठे काय, कुठे काय. त्यातून हल्ली मेसेज वाचून झाला की आपोआप पुसला जायची सोय असते म्हणे. (आमच्या वेळी चिठ्ठी गिळावी लागायची.) मी सरळ फोन मागितला, तर म्हणाली, "पप्पा, आधी तुमचा द्या." मी दिला नाही. कारण पुढे येईलच.

मग मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. मुलांचे मेसेज पालकांना दिसतील असं एक ॲप तिथे टाकून देतात. श्रद्धाच्या फोनची काच तडकली होती, ती बदलून आणतो असं गोड बोलून मी फोन आणि पासवर्ड दोन्ही मिळवले. (वाटेत उघडून पाहिला. त्या गप्पांना आत आणखी एक कुलूप! आपल्या घराला एवढी कुलपं नाहीत.) दुकानदाराने विचारलं, "यातला पालकांचा कुठला?" आमचे दोन्ही फोन एकाच दसऱ्याला घेतलेले, सारखेच काळे. मी एक पुढे केला. तो म्हणाला, "नीट बघून द्या, पुन्हा विचारणार नाही." त्याने खरंच विचारलं नाही.

पुढे आठवडाभर माझ्या फोनवर तिचा एकही मेसेज दिसेना. पोरगी सुधारली, या आनंदात मी चितळ्यांची बाकरवडीसुद्धा आणली. आणि दादा, त्या आठवडाभर माझे सगळे मेसेज तिच्या फोनवर दिसत होते. म्हणजे तुमचे-माझे. परीक्षा संपली की तिला तुमच्याकडे लातूरला धाडायचं, दोन वर्षं क्लासला घालायचं, तुमच्या समर्थची खोली तिला द्यायची, सगळं. "आत्ताच सांगू नकोस, रडारड होईल" हे तुमचं. "परस्पर गाडीत बसवतो" हे माझं.

गुरुवारी जेवताना तिने हे सगळं, बातम्या द्याव्यात तशा आवाजात, वाचून दाखवलं. हिरालाही यातलं काही माहीत नव्हतं, हे तुम्ही जाणताच. तिची पळी हवेतच थांबली. मी आवाज चढवून म्हणालो, "ते राहू दे, तू कुणाशी बोलतेस ते सांग."

"कल्याणीशी," श्रद्धा म्हणाली. "तिचे आईबाबा वेगळे होतायत. कुणाला सांगू नको म्हणाली म्हणून मी सांगितलं नाही. ती रडते, मग मीही रडते. आणि तुम्ही कुणाशी बोलता, पप्पा? काकांशी. माझ्याबद्दल. माझ्यापासून लपवून."

दादा, याला काही उत्तर असेल तर कळवा. मी तेवढ्यात वरण मागितलं. तेव्हापासून मागतोच आहे. हिराने तर पक्षच बदलला. नवरा-बायकोचा पक्ष सोडून ती आता मायलेकींत आहे. मी लातूर रद्द झाल्याचं जाहीर केलं, त्यावर पोरगी "बघू" एवढंच म्हणाली. सरकारी कचेरीतसुद्धा 'बघू' यापेक्षा मायेने म्हणतात.

वहिनींना नमस्कार, समर्थला आशीर्वाद.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. ते ॲप मला काढता येत नाही. दुकानात परत जायची हिंमत नाही. समर्थला पुढच्या रविवारी पाठवून द्या, पण निरोप तोंडी द्या. फोनवर चकार शब्द नको, पोरगी सगळं वाचते. म्हणून तर हे टपाल.

ता. क. दुसरा. टपालपेटी श्रद्धाच्या क्लासच्या वाटेवर आहे, तेव्हा पाकीट तिच्याच हाती देतोय. विश्वास टाकायला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

ता. क. तिसरा. काका, नमस्कार, मी श्रद्धा. पाकिटाचा डिंक सुकलेला होता. समर्थदादाला उगाच पाठवू नका. माझ्या फोनवरचं ते ॲप मी गुरुवारी जेवण झाल्याबरोबर काढून टाकलं, मला कुणाचं वाचायला आवडत नाही. (हे पत्र सोडून.) आणि लातूरला यायला मी तयार आहे. आधीही असते, पण मला कुणी विचारलंच नाही. पप्पांना एवढ्यात सांगू नका, होऊ दे थोडी काळजी. हे आपल्या दोघांतच.