मिसेस हॅलिगनचं नाव

तीर्थरूप आईला वेम्बलीहून विनयचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझा खोकला गेला. इथे मेथीसुद्धा मिळते, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

हॅलिगन या आयरिश कादंबरीकाराचं चरित्र मी मराठीत लिहितोय ना, त्यात बालपणाचं प्रकरण अडलंय आणि प्रकाशक थांबायला तयार नाही. म्हणून रविवारी किलबर्नच्या पबमध्ये त्याच्या जुन्या मित्रांना भेटलो. मफलर गुंडाळलेले तीन म्हातारे कवी. एकमेकांच्या कविता हेच वाचतात आणि हेच थोर ठरवतात. आधी मला विचारलं, कुठल्या युनिव्हर्सिटीचे? कुठल्याच नाही म्हटल्यावर भुवया वर. मग एक म्हणतो, हॅलिगन कॉर्कमध्ये वाढला. दुसरा म्हणतो, लिमरिकमध्ये. पुरावा मागितला तर हसले.

शेवटी विचारलं, "त्याच्या आईचं नाव तरी?"

"आम्ही मिसेस हॅलिगनच म्हणायचो."

अगं, तरुणपणी इथे लंडनमध्ये रोज संध्याकाळी त्याच बाईच्या हातचं जेवायचे हे. म्हणे साहित्यिक.

घरी येऊन सुनीतीला तावातावाने सांगितलं. ती पोळ्या लाटत म्हणाली, "आईंचं लग्नाआधीचं नाव काय हो?"

बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मालती' लिहिलं, एवढंच मला ठाऊक. त्याआधीचं कधी विचारलंच नाही.

ते तिघे राहू देत. तुझं पहिलं नाव तेवढं तुझ्या अक्षरात लिहून पाठव.

पायांवर डोकं ठेवून,
तुझा विनय