बेस, टॉप आणि विहिरीजवळचे चार खांब

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ७.
निर्णय झाला. गाडी घ्यायची.
कार नव्हे. साइड-बाय-साइड. चिखलात, दगडधोंड्यांत चालणारी उघडी चारचाकी. दोघांनी शेजारी बसायचं. मार्चमध्ये धंतोलीच्या दवाखान्यात बायकोचा, वंदनाचा गुडघा बदलला. चिखलातून आणि खाचखळग्यांतून चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हिंगण्यापलीकडचा तिचा संत्र्याचा बगीचा डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, आणि मधली पांदण, म्हणजे शेताकडची बैलगाडीची वाट, निव्वळ काळी माती. पाच महिने तिनं झाड पाहिलेलं नाही. साठ झाडं, तिच्या वडिलांनी लावलेली. दरवर्षी तोड्याच्या दिवशी पहिलं फळ ती स्वतःच्या कैचीनं कापते.
चहाच्या वेळी घोषणा केली: या वर्षीही कापशील.
ती म्हणाली, "सगळ्यात लहान घ्या. पण लवकर घ्या."
म्हणजे बेस मॉडेल. तत्त्व म्हणूनही बेसच. साधी राहणी या विषयावर मी एकतीस वर्षं बोलतोय. आठ दिवसांत गाडी दारात.

५ ऑगस्ट, मंगळवार.
शोरूम. सेल्समन अश्विन. नम्र मुलगा, पण मध्ये मध्ये बोलतो.
बेस: पन्नास इंच रुंद. छप्पर नाही, काच नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. मागे क्रेट ठेवायला लोखंडी ट्रे. हवं ते सगळं आहे.
शेजारी टॉप. चौसष्ट इंच. छप्पर, काच, पुढे विंच, वर दिव्यांची पट्टी, चार स्पीकर. मी तत्काळ तिच्याकडे पाठ फिरवली. शोरूमच्या काचेत ती तरीही दिसत होती.
चंगळवाद आणि कृषिसंस्कृती यावर अश्विनशी सविस्तर बोललो. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. विषय त्यांना झेपला नसावा. अश्विन आरटीओ, रोड, नंबर असं काहीतरी सांगायला बघत होता. मुद्दा पूर्ण होईपर्यंत मी त्याला थांबवलं. नंतर त्यानं सांगितलं नाही. "सर, तुम्ही बोलता मात्र जोरदार," म्हणाला.
या पिढीबद्दल अजून आशा आहे.

१० ऑगस्ट, रविवार.
आठ दिवस झाले. मोठे निर्णय घाईत होत नाहीत.
वंदनानं फोन करून चंद्रभानला पांदण मोजायला लावली. चंद्रभान म्हणजे पांदणीपलीकडचा शेतकरी. विहिरीजवळच्या वळणावर फक्त पाच फूट, म्हणाला. एका बाजूला आपले कुंपणाचे खांब, दुसऱ्या बाजूला त्याचा दगडी बांध. वंदनानं चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली: पाच फूट.
मी म्हणालो, स्वप्नं टेपनं मोजू नयेत. ती म्हणाली, "स्वप्न नाही, गाडी मोजून राहिली मी."
नकाशात पांदण अकरा फूट आहे. लोकांची हाव! विहिरीजवळचे आपले चार खांब २०१७ साली मी थोडे पुढे घेतले, पण ते विहिरीच्या संरक्षणासाठी. ती वेगळी गोष्ट.
फोनवर चंद्रभान खांबांचंच काहीतरी कुरकुरत होता. त्याची बैलबंडी नाल्यातून फिरून जाते म्हणे. फोन वंदनाकडे दिला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
अपमान.
मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत झेंडावंदन. माझं भाषण, स्वातंत्र्याचा अर्थ. चौथ्याच मिनिटाला सेक्रेटरी प्रेमिलाताईंनी हातातून माईक घेतला. "सर, लेकरं नाचाचे कपडे घालून ताटकळली ना!" नंतर अनंत नावाच्या तरुणाला मात्र वीस मिनिटं. विषय: सकाळी पाचला उठा. लोक वही काढून लिहून घेत होते.
एके काळी मी उठलो की सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. आता मी उठलो की लोक घड्याळ बघतात.
घरी येऊन टॉपचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. चार स्पीकर. वॉटरप्रूफ. खाली बारीक अक्षरात: माईक जोडण्याची सोय.
स्वतःच्या गाडीवरचा माईक कोणी काढून घेऊ शकत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार.
टॉपचा विचार केवळ वंदनासाठी. बेसला छप्पर नाही. आजारातून उठलेलं माणूस उन्हात कसं न्यायचं?
तिला हे समजावलं. ती म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षं उन्हातच वागली मी. तुमालेच सावली लागते." मग फ्रिजवरची चिठ्ठी काढून माझ्या वर्तमानपत्रावर ठेवली. चष्मा जवळ नव्हता.
शिवाय आपल्या माणसानं नेहमी बेसच का घ्यावं? पिढ्यान् पिढ्या आपल्या वाट्याला बेसच आलं. हा मुद्दा इतका जबरदस्त आहे की व्याख्यानासाठी वेगळा टिपून ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार.
अश्विनचा फोन. बेस तयार आहे, उद्या शेतावर पोचवतो. टॉपला बुकिंगनंतर तीन-चार आठवडे. पांदण किती रुंद आहे, असंही विचारत होता. मी म्हणालो, प्रश्न रुंदीचा नाही, भूमिकेचा आहे.
वंदना स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं फोडणी दिली. नेहमीपेक्षा जोरात.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
दीक्षाभूमीवर एकटाच गेलो. गुडघ्यामुळे वंदना घरी. लग्नानंतर पहिल्यांदा ती आली नाही. पुस्तकांच्या स्टॉलवर चार पुस्तकं घेतली. एका स्टॉलवाल्यानं ओळखलं: "तुमी ते लांब बोलणारे सर ना?"
टॉप काल बुक केली. वंदनाला आज सांगितलं. "बरं," म्हणाली.
दीक्षाचा पुण्याहून फोन. बाबा, गाडी आईसाठी घेऊन राहिले की स्वतःसाठी? रेंज नव्हती. म्हणजे तिला नसणार, मला होती.

२६ ऑक्टोबर, रविवार.
आली. ट्रकवर चढून आली. लाल.
मी अश्विनला विचारलं, ट्रक कशाला? मी चालवत नेणार होतो. मनीषनगर, वर्धा रोड, हिंगणा. मार्ग ठरलेला होता. तो म्हणाला, "सर, पहिल्याच दिवशी सांगून राहिलो होतो. ही रोडवर चालत नाही. याले नंबरच भेटत नाही. फक्त शेतात."
हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला नको?
गाडी थेट शेतावर जाणार, म्हणजे सोसायटीत कोणाला दिसणार नाही. म्हणून ट्रकला आधी सोसायटीभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या. अनंत गॅलरीत उभा होता. त्यानं हात हलवला. ड्रायव्हरला.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
थोडक्यात लिहितो.
वंदना सकाळीच तयार. पांढरी साडी, पिशवीत कैची. पांदणीच्या तोंडाशी मजूर जमले, चंद्रभानही होता. निघण्याआधी माईकवरून थोडं बोललो. वंदना सीटवर बसून होती. अर्ध्या तासानं म्हणाली, "आता चला."
गाडी चिखलातून अशी गेली की काय सांगावं! अर्धा किलोमीटर मी राजा होतो.
विहिरीच्या वळणावर अडकली.
डावीकडे खांब, उजवीकडे बांध. चार इंचांनी. जोर लावला, तर आणखी घट्ट बसली. दोन्हीकडून उतरता येईना. तिथून बगीचा किलोमीटरभर, नुसते झाडांचे शेंडे दिसतात. वंदना काचेतून त्या शेंड्यांकडे बघत बसली.
शेवटी चंद्रभाननं बैल आणले आणि मागून ओढली. "सर, मी आठ वरसापासून सांगून राहिलो, तुमी आयकूनच नाही राहिले. थे चार खांब काढा ना."
मी त्याला स्पष्ट बजावलं: तुझा बांध अतिक्रमण आहे.
मजूर हसले. कशाला हसले, कळलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
आता माघार नाही. तहसीलदारांकडे नऊ पानी अर्ज. 'पांदणीवरील प्रत्येक अतिक्रमण, ते कोणाचेही असो, कोणाचीही भीडभाड न ठेवता हटवावे.' हे वाक्य लिहिताना अंगावर काटा आला.
वंदनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चार खांब काढले की झालं. उपटाले सब्बल हाय चंद्रभानपाशी."
मी म्हणालो, आधी दोषी हटेल, मग आपण उदारपणे विचार करू. इतिहासात पहिल्यांदा माघार घेणाऱ्यावर नेहमी अन्याय झालाय.
ती म्हणाली, "संत्र्याले इतिहास समजत नाही. तोड आली आहे."

१२ नोव्हेंबर, बुधवार.
व्यापारी येऊन गेला. तोडा सोमवारी, २४ तारखेला. साठच झाडं, एका दिवसात संपेल.
वंदनानं कैचीला तेल दिलं. दुसऱ्यांदा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
शासन एरवी वर्षानुवर्षं येत नाही. नेमकं आपल्या बाबतीत वेळेवर येतं. पांदणी मोकळ्या करायची मोहीम सुरू आहे म्हणे. त्यात माझा अर्ज वरच होता.
मोजणी झाली. चंद्रभानचा बांध इंचभरही पुढे नाही. अतिक्रमण एकच: विहिरीजवळचे चार खांब. सहा फूट.
मोजणीवाल्यानं खांब कोणाचे विचारलं. मी पार्श्वभूमी सांगायला लागलो. चंद्रभान म्हणाला, "साहेब, अर्ज केला ना, त्याईचेच."
नोटीस निघाली. सातबारा वंदनाच्या नावावर, म्हणून नोटीस तिला. कागदावर लिहिलंय, अर्जदार: मी. अतिक्रमणधारक: वंदना. सुनावणी २४ तारखेला, अकरा वाजता.
तारीख बदलून घेतो, असं तिला सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
तारीख बदलायची राहून गेली.
आमचा पुकारा लवकर झाला. वंदना उभी राहून म्हणाली, "खांब आमचे हाय. काढून घेतो." झालं. दोन मिनिटं. बाहेर ऑटो उभा होता, पिशवीत कैची होती, तोड्याला पोचली असती.
पण अर्जदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय प्रकरण संपत नाही. तशी मीच आग्रहानं मागणी केली होती. मी सुरुवात केली. नायब तहसीलदार म्हणाले, लांबणार असेल तर शेवटी घेऊ, आणि दोघंही थांबा. पावणेपाचला पुकारा झाला. मी चाळीस मिनिटं बोललो. कारकुनानं लिहिलं: अर्जदाराचे म्हणणे ऐकले.
बाहेर आलो तेव्हा चंद्रभानचा वंदनाला फोन आला होता. तोडा संपला. गाडी भरून कळमना मार्केटला निघाली.
ऑटोत मी भाषणाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आयकलं मी. चाळीस वर्षांपासून आयकून राहिली."

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
उठलो तर ती घरात नव्हती. दुपारी शेतावर पोचलो.
खांब पडलेले. चारही. चंद्रभाननं सकाळीच उपटले. पांदण अकरा फूट, लख्ख मोकळी. टॉप काय, टॉपच्या दोन गाड्या जातील!
मी गाडी काढली, दिवे लावले, वळणापर्यंत गेलो. समोरून चंद्रभानची बंडी येत होती. गादीच्या घडीवर पाय लांब करून वंदना बसलेली. तोडा झालेली झाडं बघून परत निघाली होती.
मी माईक चालू केला. म्हणालो, "वंदना, थांब. मला काही बोलायचं आहे."
चार स्पीकर. वॉटरप्रूफ. आवाज फारच स्वच्छ.
चंद्रभान कासरा आवळून ओरडला, "सर, माईक बंद करा! बैल बुजून राहिले!"
मी बंद केला. गाडी बाजूला घेतली. बंडी शेजारून निघून गेली. जागा भरपूर होती.
वंदनाच्या मांडीवर कैची होती. पात्यांवरचं तेलसुद्धा पुसलं गेलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
गाडी शेतावरच आहे. रस्त्यावर आणता येत नाही. अश्विनला विचारलं, टॉप घेऊन बेस देता का? त्याचे साहेब विचार करतायत. चंद्रभानला सहज विचारलं, तुझ्या मते कोणती बरी, बेस की टॉप? म्हणाला, "पांदण बरी, सर."
चार दिवस घरात शांतता होती. मी त्याचा उपयोग केला. संसारात दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं महत्त्व, या विषयावर वंदनासाठी खास टिपणं काढली. मनापासून. माझ्या चुकाही घेतल्यात, शेवटच्या भागात. पाऊण तासाचं होईल.
आज सुनवायचं ठरवलं. सात वाजता खोलीचं दार लावून एकदा मोठ्यानं सराव केला. मग बाहेर आलो.
घरात कोणी नाही. गुडघ्याचा पट्टा नाही, मोठी बॅग नाही. फ्रिजवर 'पाच फूट' ती चिठ्ठी तेवढी पुन्हा चिकटवलेली आहे.
दीक्षाला फोन केला. म्हणाली, आई पुण्याला यायला निघाली, गाडीत बसलीसुद्धा. महिना-दोन महिने राहील. "बाबा, तिनं तुमाले तीनदा सांगितलं. आज निघतानाही दार वाजवून सांगितलं."
मला काही आठवत नाही. तेव्हा मी बहुतेक बोलत होतो.