पत्रिकेवरचं ओलं नाव

कुंभार पिंपळगाव, गुरुवार, सांजवेळ

राजूरच्या गणपतीपुढं ठेवायची लग्नपत्रिका शेजारच्या वहिनींनी माझ्या छापखान्यातच हातात घेतली. कोपऱ्याला हळदीकुंकू लावताना ओलं बोट घसरलं, अन् नवरीचं, त्यांच्या शीतलचं, नाव फरफटलं. वहिनींचा चेहराच उतरला. "भाऊजी, अपशकुन झाला हो!"

"न्हाई वहिनी, चकचकीत कागद शाई पीत न्हाई. अळवावरच्या पाण्यागत वरच ऱ्हाते. अजून वाळायची होती."

त्यांना कुठं पटतंय! संगं आलेली शीतलच हसली, "काका, नाव तर सासरी बदलणारच हाय."

मला हसू आलं न्हाई. ते पिवळं बोट डोळ्यापुढून हलेना. जल्दी त्यांना होती, पण पत्रिका हातात मीच दिली ना? उद्या साध्या, खरबरीत कागदावर एक पत्रिका छापतो. देवापुढं तरी पोरीचं नाव मुरलेलं जाऊ दे.